प्रकल्प नोंदी: चिपळूणची ट्रंक

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

दिवाळीला चिपळूणला गेलो होतो. येताना माळ्यावरची पत्र्याची ट्रंक पुण्याला घेऊन आले. गेली तीन वर्षं आणायची म्हणत होते. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं तेव्हा ही ट्रंक माळ्यावर होती म्हणून वाचली. आईबाबांच्या लग्नाचा अल्बम खालच्या कपाटात होता. तो हातात आला तेव्हा पानं सुटत नव्हती, आणि सोडवायला गेलं की फोटोवरचा रंग बोटाला लागत होता. तेव्हाच ठरवलं होतं की उरलेलं असं जाऊ द्यायचं नाही.

ट्रंकेत काय आहे ते आज फक्त उघडून पाहिलं. पाकिटं, तीन अल्बम, आजोबांचा आग्फा क्लिक-३ कॅमेरा, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या निगेटिव्ह आणि बाबांनी २००३ साली करून ठेवलेल्या सात सीडी. प्रत्येक सीडीवर त्यांच्या अक्षरात क्रमांक.

१६ नोव्हेंबर, शनिवार

मोजणी झाली. कृष्णधवल प्रिंट ४८६, रंगीत ६४०, निगेटिव्ह ४१२. निगेटिव्ह जवळजवळ सगळ्या १२० फिल्मच्या आहेत, एका रोलवर बारा चौकोनी फोटो.

वर्तमानपत्राची एक पुडी उघडताच आंबूस वास आला. लोणच्याची बरणी उघडावी तसा. या ॲसिटेटच्या फिल्म, आणि ॲसिटेट विघटित होऊ लागलं की त्यातून व्हिनेगरचं आम्ल सुटतं. ते हवेत साठलं की शेजारची फिल्मही लवकर बिघडते. त्या अकरा पट्ट्या लगेच वेगळ्या केल्या, उघड्यावर ठेवल्या, आणि स्कॅनिंगच्या रांगेत सगळ्यात पुढे आणल्या. काहींवर बुरशीची कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी आहे. फिल्मवरचा थर जिलेटिनचा, कोकणातली चार महिन्यांची दमट हवा, मग बुरशीला आणखी काय हवं? पाण्याने धुवायचं नाही, बुरशीने खाल्लेलं जिलेटिन विरघळून चित्रच निघून येतं. मऊ ब्रशने कोरडं झटकलं, तेवढंच.

अल्बमांपैकी ऐंशीच्या दशकातला चिकट पानांचा आहे, वर प्लास्टिकचा कागद असलेला. फोटोच्या मागून दातांचा दोरा हळूहळू करवतीसारखा सरकवला की बहुतेक सुटतात. सात सुटले नाहीत. ओढाताण केली नाही, पानासकट स्कॅन करणार.

१ डिसेंबर, रविवार

स्कॅनरची मापं ठरवायला दोन शनिवार-रविवार गेले. शेवटी असं ठरलं: पोस्टकार्ड आकाराच्या रंगीत प्रिंट ६०० डीपीआय (म्हणजे एका इंचात ६०० ठिपके), कॅमेऱ्याच्याच मापाच्या लहान चौकोनी कृष्णधवल प्रिंट १२०० डीपीआय, निगेटिव्ह २४०० डीपीआय. प्रिंटवर त्याहून जास्त डीपीआय लावून पाहिलं, पण कागदाचे तंतू मोठे दिसतात, चेहरा काही अधिक स्पष्ट होत नाही.

रंगाच्या खोलीबद्दल मात्र हात आखडता घेतला नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या रंगीत प्रिंट लालसर झाल्या आहेत. त्यातला निळसर रंग आधी उडतो, अंधारात ठेवल्या तरी. पुढे कुणी रंग सुधारायला बसलं तर त्याच्या हाताशी छटा भरपूर हव्यात, म्हणून प्रत्येक रंगाला १६ बिट.

जागेचा हिशेब केला तेव्हा खूप दिवसांची चिंता गेली. ४ बाय ६ इंचाचा रंगीत फोटो सुमारे ५२ एमबी, निगेटिव्ह सुमारे ५६, लहान प्रिंट १६. सगळं मिळून ६५ जीबीच्या आत. तीन पिढ्यांचं सगळं घर माझ्या हातातल्या फोनमध्ये मावेल! म्हणजे जागा वाचवण्यासाठी काहीही बारीक करायची गरज नाही.

हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे, कारण बाबांसमोर २००३ साली हा पर्याय नव्हता. एका सीडीत जेमतेम ७०० एमबी, आणि त्यांनी स्कॅन केलं ६४० बाय ४८० वर.

२२ डिसेंबर, रविवार

सीडी वाचायला आधी ड्राइव्ह शोधावा लागला. घरातल्या एकाही लॅपटॉपला तो नाही. ऑफिसातल्या एका मित्राकडून यूएसबीचा आणला.

सातपैकी पाच सीडी सरळ वाचल्या गेल्या. क्रमांक ४ आणि ६ अडल्या. ६ वर कागदी लेबल चिकटवलेलं होतं आणि त्याच्या कडेला चकाकता थर सुटला आहे. डीडीरेस्क्यू नावाचा एक प्रोग्रॅम आहे. तो आधी जे सहज वाचता येतं ते काढून घेतो आणि मग अडलेल्या जागी पुन्हा पुन्हा जातो. तो रात्रभर चालू ठेवला.

सकाळी पाहिलं तर सीडी ६ वर लग्नाच्या अल्बमचे चौदा फोटो निघाले! पुरात लगदा झालेला तोच अल्बम. बाबांनी तो स्कॅन केल्याचं आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. अकरा फोटो पूर्ण आहेत. तीन अर्धवट आहेत, वरचा भाग ठीक, खाली नुसता राखाडी पट्टा. एकात आईचा चेहरा आणि मुंडावळ्या आहेत, हार घातलेले हात गेले.

आता जगात या फोटोंच्या याच प्रती. ६४० बाय ४८०. त्या आहेत तशाच ठेवायच्या, जेपीईजीच्या जेपीईजी. टिफ या चित्रांच्या दुसऱ्या फॉरमॅटमध्ये बदलून त्यांच्यात नवीन काही येणार नाही, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेने मोठे करून तर नाहीच नाही. तो चेहरा मग आईचा राहणार नाही. ताईला फोटो पाठवले. तिने फोन केला, दोघीही फारसं बोललो नाही.

२५ डिसेंबर, बुधवार

त्या राखाडी पट्ट्याने झोप उडवली होती. फाइलचा थोडासा भाग बिघडला तर किती चित्र जातं, ते आज हाताने करून पाहिलं. एकच फोटो घेतला, आजोबा पडवीत टोपी घालून बसलेले. तीन प्रती केल्या: न दाबलेली, म्हणजे फाइलचा आकार कमी न केलेली टिफ, एलझेडडब्ल्यू या पद्धतीने दाबलेली टिफ आणि जेपीईजी. प्रत्येक फाइल हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलमधले बाइट थेट दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडली आणि साधारण मध्यावरचा एक बाइट बदलला. फक्त एक.

न दाबलेल्या टिफमध्ये काहीच दिसेना. आठशे टक्के मोठं केल्यावर आजोबांच्या बाहीवर एक ठिपका सापडला, बाकी सगळं जागच्या जागी. दाबलेल्या टिफमध्ये एक अरुंद आडवी पट्टी विस्कटली, कारण टिफ चित्र पट्ट्यापट्ट्यांत साठवतं आणि बिघाड त्या पट्टीपुरता राहतो. जेपीईजीत टोपी आणि कपाळ शाबूत, पण डोळ्यांपासून खाली सगळं चित्र उजवीकडे सरकलं आणि हिरवट झालं.

एका बाइटने एवढं. यानंतर मला कुणाला विचारायची गरज उरली नाही. मूळ प्रत न दाबलेल्या टिफमध्येच. १६ बिटच्या स्कॅनवर एलझेडडब्ल्यूने फाइल लहान होण्याऐवजी कधीकधी मोठी होते, हेही आज दिसलं, म्हणजे तो प्रश्नच मिटला.

टिफ १९८६ सालचं, आल्डस कंपनीने काढलेलं. म्हणजे माझ्याच वयाचं. सहावी आवृत्ती १९९२ ची, आणि तेव्हापासून मूळ रचना तीच आहे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेससारख्या संस्था चित्रांच्या जतनासाठी ते आजही पसंत करतात. मला त्यात आवडतं ते हे की न दाबलेलं टिफ म्हणजे ठिपक्यांची सरळ यादी. उद्या कुठलंच सॉफ्टवेअर उरलं नाही तरी कुणी हुशार मुलगी चार तासांत ते वाचणारा प्रोग्रॅम लिहील.

रोज बघायला आणि नातेवाइकांना पाठवायला प्रत्येकाची जेपीईजी प्रत वेगळी करायची. ती बिघडली तर पुन्हा काढता येईल.

२९ डिसेंबर, रविवार

सीडी २ वर वर्डच्या फाइल होत्या. उघडल्या तर डॉलर, टक्के, कंस आणि टोपीवाल्या इंग्रजी अक्षरांची खिचडी. थोड्या वेळाने लक्षात आलं की हे मराठीच आहे, युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिपींसाठी ठरलेल्या सामायिक अक्षर-क्रमांकांच्या आधीच्या एका फॉन्टात टाइप केलेलं. त्या फॉन्टांत क, ख ही अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या खुर्च्यांवर बसवलेली असायची. फॉन्ट असेपर्यंत मराठी, फॉन्ट गेला की कचरा.

फॉन्ट कुठला ते फाइलमध्येच नोंदलेलं होतं. त्याचा तक्ता मिळवून अक्षरं बदलणारा लहान प्रोग्रॅम लिहिला. सगळ्यात जास्त त्रास पहिल्या वेलांटीने दिला. त्या फॉन्टात ती डोळ्यांना दिसते तशी अक्षराच्या आधी टाइप केलेली असते, युनिकोडमध्ये मात्र अक्षरानंतर यावी लागते. जोडाक्षर आलं की कुणाच्या मागे न्यायची ते ठरवावं लागतं. रफाराचं उलटं.

रात्री साडेअकराला पहिलं पान मराठीत आलं. बाबांनी एकशे बारा फोटोंच्या ओळी लिहून ठेवल्या आहेत. क्रमांक १७ ची ओळ अशी:

‘धाकट्याची मुंज. मे १९६८. अंगणात मांडव. मी रडत होतो म्हणून मला मागे उभं केलं.’

बाबा जाऊन आठ वर्षं झाली. त्यांच्या आवाजातलं नवीन वाक्य आता कधी ऐकायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

११ जानेवारी २०२५, शनिवार. चिपळूण

आत्याकडे लॅपटॉप घेऊन आले आहे. आत्या अठ्ठ्याहत्तरची. नजर अधू आहे, पण फोटो मोठा करून दाखवला की चेहरा ओळखते, आणि चेहऱ्याआधी घर ओळखते. “ही आमची पडवी नव्हे. खांब बघ, खांब. हे मामांचं.”

दिवसभरात साठ फोटो झाले. फोनवर आवाजही टिपून ठेवला, कारण मी लिहिते त्यापेक्षा ती बरंच जास्त सांगते.

मुंजीचा फोटो दाखवला आणि बाबांची ओळ वाचून दाखवली. आत्या गप्प झाली. मग म्हणाली, “अगं, रडेल नाही तर काय! त्याची मुंज झाली तेव्हा घरात कॅमेराच नव्हता. त्याचा एक फोटो नाही. धाकट्याचा फोटो निघतोय बघून त्याला रडू आलं.”

बाबांनी हे लिहिलं नाही. कदाचित लिहायचं नव्हतं.

१२ जानेवारी, रविवार. चिपळूण

एक गोष्ट कालपासून ठरत गेली. मी फाइलींच्या नावात साल घालत होते. आत्याने एका दिवसात नऊ फोटोंची सालं बदलली, त्यातली दोन संध्याकाळी परत फिरवली. प्रत्येक वेळी टिफचं, जेपीईजीचं आणि यादीतलं, अशी तीन ठिकाणी नावं बदलत बसले तर कुठेतरी चूक होणारच. त्यामुळे फाइलच्या नावात फक्त न बदलणारं: पाकिटाचा क्रमांक आणि फोटोचा क्रमांक. साल, गाव, माणसं हे सगळं मजकुराच्या एका फाइलमध्ये.

त्या फाइलमध्ये आधीची ओळ कधीही खोडायची नाही. खाली नवीन ओळ, आणि पुढे कोण म्हणालं, कधी म्हणालं. क्रमांक १७ ला आता दोन ओळी आहेत, बाबांची २००३ ची आणि आत्याची कालची.

२६ जानेवारी, रविवार

ही यादी कुठल्या फॉरमॅटमध्ये ठेवायची यावर बराच विचार केला. फोटोंच्या ॲपमध्ये चेहऱ्यांना नावं देणं सगळ्यात सोपं, पण दहा-बारा वर्षांपूर्वी मी एका फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये हजारभर चेहऱ्यांना नावं दिली होती. ते बंद पडलं तेव्हा कळलं की नावं फोटोत नव्हती, त्या सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या फाइलींत होती. ती मेहनत गेली.

यादी साध्या मजकुरात, सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली), युनिकोड साठवायच्या यूटीएफ-८ या पद्धतीत. नोटपॅडमध्येही उघडेल. शिवाय फोटोच्या फाइलमध्ये माहिती लिहिणारा एक्झिफटूल हा प्रोग्रॅम वापरून तीच ओळ जेपीईजी प्रतीच्या आतसुद्धा घातली आहे, म्हणजे फोटो एकटा कुठे गेला तरी ओळ बरोबर जाईल. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला तर मात्र ही माहिती गळून पडते, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर राहते. भाच्याला हे दोनदा सांगितलं आहे.

मराठीपुरती एक खोच सापडली. ‘दुसऱ्या’ शोधलं तर काही ओळी सापडत आणि काही नाही. डोळ्यांना दोन्हींत फरक शून्य. ऱ दोन तऱ्हांनी साठवता येतो: एकच अक्षर म्हणून, किंवा र आणि त्याखाली नुक्ता म्हणून. कीबोर्डाप्रमाणे कधी हा, कधी तो. जुन्या मॅकची डिस्क तर फाइलींच्या नावात नेहमी दुसरीच तऱ्हा वापरायची. सगळी यादी एनएफसी रूपात, म्हणजे सगळीकडे पहिल्याच तऱ्हेने, बदलून घेतली. फाइल आणि फोल्डरांच्या नावांत मात्र देवनागरी नाहीच, नुसते आकडे. मन थोडं खट्टू झालं, पण मराठी आत आहे आणि सुरक्षित आहे.

१५ फेब्रुवारी, शनिवार

स्कॅनिंग संपलं. डिस्का घेतल्या.

एसएसडीचा मोह झाला होता, लहान आणि वेगवान म्हणून. पण त्यात माहिती विद्युतभाराच्या रूपात असते आणि वीज न देता ठेवली तर तो भार हळूहळू गळतो. जेडेक या मानक ठरवणाऱ्या संस्थेची घरगुती एसएसडीकडून अपेक्षा एवढीच आहे: लिहिण्याची क्षमता संपत आली असताना, ३० अंश तापमानाला, विजेशिवाय एक वर्ष. कपाटात ठेवून द्यायची वस्तू ती नव्हे. साध्या फिरत्या हार्ड डिस्क घेतल्या, दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या, म्हणजे एकाच घाण्यातला दोष दोन्हींत येणार नाही. एम-डिस्क ही सीडीसारखी तबकडी टिकाऊ असते, पण ड्राइव्हसाठी डिसेंबरात काय धावपळ झाली ते आठवलं आणि नाद सोडला.

डिस्कचा फॉरमॅट एक्सफॅट. विंडोज आणि मॅक दोन्हींवर वाचता-लिहिता येतं. फक्त डिस्क नीट ‘इजेक्ट’ करूनच काढायची, हे बाहेर चिठ्ठीवर लिहून चिकटवलं.

पीटर क्रोग या छायाचित्रकाराने रूढ केलेला ३-२-१ चा नियम पाळते आहे: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक वेगळ्या जागी. एक डिस्क पुण्यात, एक नागपूरला ताईकडे, तिसरी प्रत क्लाउडवर. क्लाउडचं खातं माझ्या नावाचं आणि माझ्या कार्डावर चालणारं, म्हणून ते जोडीला आहे, भरवशाला नाही. चिपळूणला डिस्क ठेवायची नाही. तिथे आत्यासाठी निवडक दोनशे फोटो छापून अल्बम देणार, आणि तो वरच्या मजल्यावर राहील.

नागपूरला माळ्यावर नको, उन्हाळ्यात माळा भट्टी होतो. आतल्या खोलीतलं कपाट.

१६ मार्च, रविवार

महिन्याची पहिली तपासणी. प्रत्येक फाइलचा शा-२५६ चेकसम काढून ठेवला आहे. चौसष्ट अक्षरांचा हा ठसा फाइलमधला एक बिट बदलला तरी पूर्ण वेगळा येतो. पुण्याच्या डिस्कवर एक फाइल जुळेना. छातीत धस्स झालं. शोधल्यावर कळलं की मीच परवा ती बघताना आडवी होती म्हणून फिरवली, आणि बघणाऱ्या प्रोग्रॅमने न विचारता फाइल पुन्हा लिहिली. दुसऱ्या डिस्कवरून मूळ प्रत आणली, आणि टिफचं अख्खं फोल्डर ‘फक्त वाचण्यासाठी’ केलं.

फोनमधल्या फोटोंचं काम हळूहळू चालू आहे. आयफोन २०१७ पासून फोटो एचईआयसी या फॉरमॅटमध्ये काढतो. ते मूळ रूपात ठेवायचं आणि शेजारी जेपीईजी. त्यात फार वेळ घालवत नाही, हे फोटो अजून चार जणांकडे आहेत.

३० मार्च, रविवार. गुढीपाडवा

ताई पाडव्याला आली आहे. तिच्या हातात डिस्क दिली, बरोबर काही सांगितलं नाही. डिस्कवर ‘आधी हे वाचा’ असं शीर्षक असलेली एक मजकुराची फाइल आहे आणि तेच पान छापून डब्यात घातलं आहे. ताई शाळेत शिकवते, कॉम्प्युटर लागेल तेवढाच वापरते. माझी मदत न घेता तिला सगळं उघडता आलं पाहिजे.

१३ एप्रिल, रविवार

ताईचा फोन. फोटो सगळे उघडले, टिफसुद्धा. पण, “अगं, यादीत काहीतरी भलतंच दिसतंय. डोक्यावर रेघ असलेला इंग्रजी a, येनचं चिन्ह, पुन्हा पुन्हा तेच. बाबांच्या त्या फाइलीसारखं.”

ऐकून गारच पडले. तिने यादी एक्सेलमध्ये उघडली होती, सीएसव्हीवर दोनदा क्लिक केलं की तेच उघडतं. फाइल यूटीएफ-८ आहे हे तिच्या एक्सेलला कळलं नाही आणि त्याने जुन्या इंग्रजी पद्धतीने अक्षरं वाचली. माझ्या यंत्रावर मी कायम मजकुराच्या एडिटरमध्ये पाहत आले, त्यामुळे मला हे दिसलंच नाही. बाबांनाही २००३ साली त्यांच्या यंत्रावर सगळं नीटच दिसत होतं.

उपाय छोटा आहे. फाइलच्या अगदी सुरुवातीला तीन अदृश्य बाइट घालायचे, बीओएम म्हणतात त्याला, की एक्सेल ओळखतं. घालून फाइल पाठवली. शिवाय यादीची पीडीएफ/ए, म्हणजे जतनासाठीच्या पीडीएफमधली प्रत केली, त्यात फॉन्ट फाइलच्या पोटातच असतो. आणि एक प्रत कागदावर छापली. सत्तेचाळीस पानं.

२० एप्रिल, रविवार

ताईने नवी फाइल उघडली आणि फोनवर क्रमांक १७ वाचून दाखवला. बाबांची ओळ वाचली, मग आत्याची. थांबली. म्हणाली, “कॅमेरा आजोबांनी त्या मुंजीसाठीच मुंबईहून आणला होता, आदल्या आठवड्यात. बाबा मला एकदा सांगत होते. आधी कुणाकडे मागून आणायचा विचार होता.”

म्हणजे क्लिक-३ ने काढलेला प्रत्येक रोल मे १९६८ चा किंवा त्यानंतरचा! नऊ रोलांपुढे मी ‘१९६० ते ७०’ असं अंदाजाने लिहिलं होतं. १०८ फोटोंची तारीख एका वाक्यात आठ वर्षांनी पुढे सरकली.

एकाही टिफला हात लावावा लागला नाही. यादीत १७ खाली तिसरी ओळ घातली, पुढे ‘ताई, फोनवर, २० एप्रिल २०२५’. नऊ रोलांपुढे जुना अंदाज तसाच ठेवून खाली नवीन ओळ. यादीचा चेकसम नव्याने काढला, पुण्याच्या डिस्कवर आणि क्लाउडवर बदलला, ताईला ईमेलने पाठवला. कागदाची चार पानं बदलून लागतील, ती उद्या छापते. आत्याला पुढच्या रविवारी विचारायचं आहे: मुंबईत कुठल्या दुकानातून, आणि कितीला.